होल्डवरचं हॉलंड

सुगत इंगळ्यांच्या हातून नेदरलँड्स गेलं ते एका शुक्रवारी सकाळी. त्या वेळी त्यांची अंघोळ झाली होती, पोहे खाऊन झाले होते आणि चष्मा पुसून डोळ्यांवर होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मैत्री विहार कॉलनीत पुढे या घटनेच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरल्या. कोणी म्हणालं लाइट गेली होती, कोणी म्हणालं हॅकरचं काम आहे, आणि खुद्द इंगळ्यांनी एकदोनदा ‘सर्व्हरमध्ये काहीतरी झालं’ असं म्हणून पाहिलं. सर्व्हर ठणठणीत होता. जे झालं ते इंगळ्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने झालं.

इंगळे एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेत होते. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, तेव्हापासून घरात एक शिस्त चालत आली होती : समोर आलेलं काम निकाली काढायचं, पडू द्यायचं नाही. अशा घरात पंचशीला जन्मली. घरची पंचू. सिव्हिल इंजिनियर झाली, एका सल्लागार कंपनीत लागली, लहान गावांतल्या नाल्यांचा सर्वे करत उन्हातान्हात फिरली आणि मग एक दिवस म्हणाली, ‘मला मास्टर्स करायचंय.’ विषय सांगितला, अर्बन सस्टेनेबिलिटी गव्हर्नन्स. इंगळ्यांनी हे नाव दाढी करताना पाठ केलं. मधल्या शब्दावर त्यांची जीभ दरवेळी ठेचकाळायची, तरी कॉलनीच्या बागेत ते पूर्ण नाव घेतल्याशिवाय राहत नसत.

शेजारी प्रतापराव होते. वीज कंपनीतून निवृत्त. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, आणि प्रतापराव अजूनही घोड्यावरून उतरले नव्हते. त्यांनी विषयाचं नाव शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे कचरा?”

“कचरा नाही हो, प्रतापरावजी. शहराचं पाणी, नाल्या, बस, झाडं. हे सगळं टिकेल असं कसं चालवायचं, आणि त्याचा निर्णय कुणी घ्यायचा, ते.”

“म्हणजे कचराच,” प्रतापराव म्हणाले. “भिया, एक सांगा. सफाईत पूरे देश में अपना पहला नंबर. लोक बाहेरून गाड्या भरभरून इंदूर बघायला येतात. आणि आपली छोरी हेच शिकायला इंदूरच्या बाहेर जाणार? हे म्हणजे हलवायाच्या पोराने मिठाई खायला पाहुण्याकडे जायचं.”

इंगळ्यांना हे पटत होतं, पण पंचूला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता आणि दोन्ही इंदूरच्या बाहेर होते. एक नेदरलँड्समध्ये. दुसरा भोपाळला. शिष्यवृत्ती दोन्हीकडे होती, विषय जवळजवळ तोच होता, आणि पंचूचं काही ठरत नव्हतं. ती गच्चीवर फेऱ्या मारायची, जेवताना हात थांबवून भिंतीकडे बघायची, आईने, कौसल्याबाईंनी, पोळी वाढली की दचकायची.

इंगळ्यांना मात्र यात ठरवण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं. एका बाजूला नेदरलँड्स, आणि दुसऱ्या बाजूला भोपाळ! इंदूरचा माणूस भोपाळला जातो तो मंत्रालयात फाइल अडकली म्हणून, आणि काम झालं-न झालं तरी रात्रीच्या जेवणाला परत येतो. तिथे कोणी शिकायला जातं? शिवाय इंगळ्यांनी बागेत ‘हॉलंडचं पक्कं आहे’ असं सांगून ठेवलं होतं. प्रतापरावांचा नातू ऋषभ कॅनडात गेल्यापासून बागेतली संभाषणं तिथल्या बर्फाशिवाय सुरू होत नव्हती. हॉलंडमुळे हवामान बदललं होतं. आता लोक इंगळ्यांना विचारत, तिकडे पवनचक्क्या आहेत ना? आणि इंगळे जणू काही त्यांनीच बसवल्यासारखं ‘आहेत, आहेत’ म्हणत.

तर तो शुक्रवार. मे महिना. नेदरलँड्सच्या विद्यापीठाला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पंचू सकाळीच गौतमपुऱ्याला सर्वेच्या कामावर गेली. जाताना म्हणाली, “आई, आज संध्याकाळी आल्यावर ठरवते. वाटेत डोकं शांत असतं.” धुळीत खराब होतो म्हणून लॅपटॉप ती घरीच ठेवून गेली. इंगळ्यांची रजा होती. पाण्याच्या टाकीचा वॉल्व बदलायला माणूस येणार होता. तो आला नाही. माणसं वेळेवर आली असती तर या जगातले कितीतरी अनर्थ टळले असते.

टाकीवाल्याच्या ऐवजी प्रतापराव आले.

“छोरी संध्याकाळी येणार, आणि ट्रॅफिकमध्ये अडकली तर?” त्यांनी चहात बिस्कीट बुडवत विचारलं. “गाडी पंक्चर झाली तर? मोबाइल बंद पडला तर? इंगळेजी, शहाणा माणूस मोहलत मागून ठेवतो. आमच्या पणजोबांनी दरबारात कधी हो म्हटलं नाही, कधी ना म्हटलं नाही. मोहलत मागितली.”

“पण तिला न विचारता…”

“अहो, निर्णय कुठे घेतोय अपन? निर्णय तिचाच. अपन फक्त वेळ वाढवून ठेवतोय.”

इंगळ्यांनी लॅपटॉप उघडला. विद्यापीठाचं पान त्यावर आदल्या दिवसापासून तसंच होतं. इंगळ्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. लिहिलं होतं की तुमची जागा ‘होल्ड’वर आहे, आज संध्याकाळपर्यंत. खाली दोन बटणं होती. एकावर ‘अ‍ॅक्सेप्ट’. दुसऱ्यावर ‘रिलीज’.

आता इथे लेखा शाखेत उभी हयात घालवलेल्या माणसाच्या मनाची थोडी कल्पना यायला हवी. ‘होल्ड’ हा शब्द इंगळ्यांनी नोकरीभर भोगला होता. बिलं होल्डवर, बढती होल्डवर, एकदा तर सगळ्या शाखेचा पगार होल्डवर. आणि होल्डवर जगात एकच औषध होतं, रिलीज. भोपाळहून बजेट रिलीज झालं की शाखेत समोसे यायचे. रिलीज ऑर्डर हातात पडली की मोठमोठे ठेकेदार डोळे पुसायचे. ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबणं म्हणजे मुलीच्या वतीने निर्णय घेणं, आणि इंगळे त्यातले नव्हते. पण बिचारी जागा होल्डवर अडकली असेल तर ती रिलीज करून ठेवायला काय हरकत होती?

“रिलीज करू?” त्यांनी विचारलं.

“करा की! शुभ कामात देर कशाला?”

पानाने विचारलं, नक्की का? हे मागे घेता येणार नाही. इंगळ्यांना ते फारच आवडलं. असा पक्का आदेश त्यांच्या खात्यात कधी निघत नसे. त्यांनी ‘होय’ दाबलं.

पान क्षणभर पांढरं झालं. मग मेल आल्याचा टिंग आवाज झाला. आतून कणकेचे हात घेऊन कौसल्याबाई आल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून वाचू लागल्या. त्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी एकदा वाचलं, मग परत वाचलं, आणि मग पाचवीच्या वर्गाला समजावतात तसं हळू समजावलं.

“त्यांना वाईट वाटलंय. पंचूने त्यांच्याकडे न यायचं ठरवलं म्हणून. तिने जागा सोडून दिली त्याबद्दल आभार मानलेत. जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुणाला देतील.” त्यांनी कणकेचा हात कपाळाला लावला. “अहो, काय केलंत हे?”

प्रतापरावांनी उरलेलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

“पंचूला फोन करा,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“करतो. आधी दुरुस्त करतो, मग सांगतो.”

“आधी सांगा.”

“कौसल्या, चूक माझी आहे ना? मग निस्तरू पण मलाच दे.” हे बोलताना इंगळ्यांचा आवाज भरदार होता, पण डोळे दुसरं बटण शोधत होते. पानावर आता एकही बटण उरलं नव्हतं.

मदतीला पुन्हा प्रतापरावच धावले. प्रत्येक खात्यात त्यांचा एक ‘अपना आदमी’ असे. परदेशी शिक्षणाच्या खात्यातला त्यांचा आदमी म्हणजे आशिष. त्यानेच ऋषभला कॅनडात पाठवलं होतं. त्याचं ऑफिस पोलोग्राउंडला, एका कारखान्याच्या माडीवर. खाली लोखंडी कपाटांचे पत्रे दाबण्याचं काम चाले. मशीन पत्र्यावर पडलं की माडीवरचे सगळे जगाचे नकाशे भिंतीवर उडत आणि परत जागेवर येत.

आशिषने सगळं ऐकून घेतलं. “अंकल, सोपं आहे. कॅनडाला टाकू.”

“कॅनडा नको. जे गेलं तेच परत हवंय.”

“मग फोन लावावा लागेल. आता तिकडे ऑफिस उघडलं असेल.” त्याने नंबर लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि तोंडावर हात धरून कुजबुजला, “पण स्टुडंटशिवाय कुणाशी बोलत नाहीत ते लोक. प्रायव्हसी. अंकल, तुम्हीच स्टुडंट व्हा.”

“मी?”

“नावावरून त्यांना काय कळणार, लडका की लडकी!”

पलीकडे एका बाईंनी गोड आवाजात नमस्कार केला आणि कोण बोलतंय विचारलं. इंगळ्यांनी प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापरावांनी हाताने घोडा पुढे दामटायची खूण केली.

“पंचशीला इंगळे स्पीकिंग,” इंगळे बारीक आवाजात म्हणाले.

खाली मशीन पत्र्यावर पडलं. धडाम्म! बाईंनी काळजीने विचारलं, तुम्ही सुरक्षित आहात ना? इंगळे म्हणाले, पूर्णपणे. मग बाईंनी खात्रीसाठी जन्मतारीख विचारली. आणि सरकारी माणूस जन्मतारीख विचारल्यावर जे करतो तेच इंगळ्यांनी केलं. विचार न करता खणखणीत आवाजात स्वतःची सांगितली, अगदी एकोणीसशे एकोणसत्तरसकट.

पलीकडे कीबोर्डवर बोटं वाजली.

“शिकायला वय नसतं,” बाई मृदुपणे म्हणाल्या, “पण आमच्या नोंदीत तुमचा जन्म या शतकातला आहे.”

आशिषने डोळे मिटून घेतले. इंगळ्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला खोटं बिल पास करून दिलं नव्हतं, आणि आज एका परक्या बाईला, परक्या देशात, परक्या भाषेत ते स्वतःची मुलगी असल्याचं सांगत होते. त्यांनी घसा खाकरला आणि मूळ आवाजात म्हणाले, “मॅडम, मी तिचा बाप आहे. बटण मी दाबलं. तिला काही माहीत नाही.”

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं इंगळ्यांना नंतर वाटलं. त्या म्हणाल्या, याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. तिनेच बोलायला हवं. आज आमचं ऑफिस बंद व्हायच्या आत. नंतर ती जागा दुसऱ्याला जाईल. आणि त्यांनी फोन ठेवण्यापूर्वी दिवस चांगला जावो अशी शुभेच्छा दिली.

खाली उतरताच इंगळ्यांनी पंचूला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तेच. तिच्या ऑफिसात विचारलं तर कळलं की गौतमपुऱ्याच्या एका मोहल्ल्यात आज तिची बायकांबरोबर सभा आहे आणि त्या भागात नेटवर्क धड मिळत नाही.

“चला,” प्रतापराव म्हणाले. “गाडी काढतो.”

प्रतापरावांची गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. तिच्या खिडक्या अर्ध्याच खाली जात आणि हॉर्न कधीकधी आपल्या मर्जीने वाजे. दुपारची लू वाहत होती. गहू निघून गेलेली काळी शेतं दोन्ही बाजूंना भेगाळून पडली होती. सांवेरला व्हॅनच्या नाकातून वाफ यायला लागली. तिथेही प्रतापरावांचा अपना आदमी होता. तो पाणी घेऊन आला, आणि पाण्याबरोबर आग्रह घेऊन आला. ताक घेतल्याशिवाय जायचं नाही! इंगळ्यांनी उभ्याने ताक घेतलं, ते शर्टावर सांडलं, आणि त्या आदमीने पाहुणे घाईत आहेत याचा अपमान वाटून दुसरा ग्लास भरला.

“भिया, आमची गाडी थंड होऊ दे, तुम्ही गरम होऊ नका,” प्रतापराव त्याला समजावत होते.

इंगळे रस्त्याच्या कडेला उभे होते. समोरून बस गेल्या, मोटारसायकली गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सारखी ती पलीकडची बाई येत होती. तिच्या हातात पंचूची जागा आहे, आणि ती घड्याळाकडे बघून ती जागा हळूच दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढते आहे. पंचूने या प्रवेशासाठी काय काय केलं होतं! ऑफिसमधून थकून येऊन जेवणाचं ताट बाजूला सारून निबंध लिहिले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप होता, तरी गेली होती. इंगळ्यांना एकदम रडू आलं. ते ताकाचा डाग पुसायच्या निमित्ताने वळून उभे राहिले.

गौतमपुऱ्याच्या अलीकडे एक ट्रॅक्टर ट्रॉलीभर विटा घेऊन रस्त्याच्या मधोमध चालला होता. प्रतापरावांनी हॉर्न दाबला. तो वाजला नाही. त्यांनी दाबणं सोडलं तेव्हा तो वाजू लागला आणि थांबेना. अशा रीतीने अखंड भोंगा वाजवत दोघे मोहल्ल्यात शिरले. एका शाळेच्या वऱ्हांड्यात बायका बसल्या होत्या, त्या सगळ्यांनी माना वळवल्या. पंचू पुढे उभी होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात टॅब.

“बाबा?” तिचा चेहरा पांढरा पडला. “घरी सगळं ठीक आहे ना? आई?”

“आई ठीक आहे. सगळे ठीक आहेत. तब्येतीने.” इंगळे धापा टाकत म्हणाले. “पंचू, जरा बाजूला ये. अर्जंट आहे.”

पंचूने बापाकडे नीट बघितलं. शर्टावर ताक, मागे भोंगा, त्याच्यामागे प्रतापकाका. तब्येती ठीक आहेत म्हटल्यावर तिचा जीव खाली बसला. पण समोर दोन बायका एकमेकींवर हात नाचवत होत्या. नवी नाली कुणाच्या दारासमोरून न्यायची यावरून त्यांचं जुंपलं होतं, आणि पंचू मधून उठली असती तर सभाच मोडली असती.

“बाबा, या बायका मजुरी बुडवून आल्यात. ज्याने हात वर केला त्याचा नंबर लागतो, मध्ये कुणी बोलत नाही. तुम्ही पण हात वर करून बसा.”

“अगं पण…”

“बसा.”

इंगळे बसले. वऱ्हांड्याच्या फरशीवर, बायकांच्या मागे, हात वर करून. प्रतापरावांनीही हात वर केला, त्यांना नुसतंच बरं वाटलं म्हणून. एक एक बाई उठून बोलत होती. नाली इकडून नको, वास येईल. तिकडून नको, पोरं पडतील. पंचू कुणालाच ‘तुमचं चुकतंय’ म्हणत नव्हती. ती विचारत होती, मग कुठून हवी? आणि ज्यांच्या दारासमोरून जाईल त्यांना विचारलं का? इंगळे घड्याळ बघत होते. मनातल्या मनात ते ओरडत होते, अगं, कुठूनही ने ती नाली! तुझं नेदरलँड्स चाललंय! पण हात तसाच वर होता. मग तो दुखायला लागला, तेव्हा त्यांनी दुसरा वर केला.

शेवटी त्यांचा नंबर आला. बाजूला बोलू म्हणाले, पण आता बायका सोडायला तयार नव्हत्या. नंबर लागलाय तर सगळ्यांसमोर बोला. इंगळे उठले. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलावं लागलं. छोरीला विलायतच्या कॉलेजात जागा मिळाली होती. मी मदत करायला गेलो. बटण दाबलं. जागा गेली. आज ऑफिस बंद व्हायच्या आत तिने फोन केला तर कदाचित परत मिळेल.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोक्यावरचा लुगड्याचा पदर सारखा केला आणि विचारलं, “छोरी से पूछ्यो थो के नी?”

“नहीं,” इंगळे म्हणाले.

“तो फेर मदद कायकी?”

त्यांनी पंचूकडे पाहिलं. तिच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला आणि खांदे खाली आले. इंगळ्यांना वाटलं, आता ती ओरडणार. ती ओरडली नाही. तिने बायकांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात परत बसू, तोपर्यंत दोन्ही दारांतल्या लोकांशी बोलून या. मग टॅब पिशवीत ठेवला आणि शाळेच्या जिन्याने गच्चीवर गेली, कारण नेटवर्क फक्त तिथेच येत होतं.

खाली सगळ्या बायका माना वर करून बघत उभ्या राहिल्या. पंचू फोन कानाला लावून गच्चीच्या कठड्यापाशी फिरत होती. मध्येच थांबली. काही स्पेलिंग सांगितलं. मध्येच फोन कानापासून दूर धरून बघितला, म्हणजे लाइन तुटली असावी. परत लावला. उन्हाने इंगळ्यांची टाळू भाजत होती, पण त्यांना सावलीत जाववेना. सभेभर अधूनमधून वाजत राहिलेला व्हॅनचा भोंगा आता आपोआप पुरता बंद पडला.

ती खाली आली. “मेल करतील म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत. नक्की सांगता येत नाही.”

परतीच्या वाटेवर पंचू मागच्या सीटवर बसली होती. प्रतापरावांनी पणजोबांची दोन-तीन युद्धं काढून पाहिली, पण त्यांना हुंकार मिळाला नाही. इंगळे आरशातून मुलीकडे बघत होते. शेवटी सांवेर मागे पडल्यावर ती बोलली.

“बाबा, बटण चुकून दाबलं गेलं, ते मला समजतं. पण लॅपटॉप चुकून उघडला नव्हता.”

“मला वाटलं…”

“तुम्हाला वाटलं. तेच म्हणतेय मी.”

त्यापेक्षा तिने गाडीतून उतरवलं असतं तर बरं, असं इंगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी इंगळ्यांच्या हॉलमध्ये चौघे बसले होते आणि टेबलावर लॅपटॉप होता. कौसल्याबाईंनी चहा केला. तो कुणी घेतला नाही. बागेतून दोघे-तिघे येऊन ‘काय झालं?’ विचारून गेले. टाकीवाला आला. त्याला कुणी आत घेईना, तो दारातच काही वेळ उभा राहून निघून गेला. इंगळे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, लॅपटॉपपासून शक्य तितके लांब, हात मांडीखाली घालून.

टिंग.

पंचूने वाचलं. सगळे तिच्या ओठांकडे बघत होते. “जागा परत दिलीय,” ती म्हणाली. “सोमवारपर्यंत.”

“जय भीम!” इंगळे खुर्चीवरून उठले ते जवळजवळ उडीच मारून. कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. प्रतापराव तर थांबलेच नाहीत. “मोहलत! बोललो नव्हतो? मोहलत मिळाली! जिलेबी आणतो!” म्हणत ते पायऱ्या उतरलेसुद्धा.

पंचू टाइप करत होती. इंगळ्यांना वाटलं, आभाराचं असेल. लांबूनच ते म्हणाले, “धन्यवाद नीट लिही हं. त्या बाई फार सज्जन आहेत. मी बोललोय त्यांच्याशी.”

“लिहिलंय. आणि लिहिलंय की मी येत नाही. जागा ज्याला हवी त्याला द्या.”

इंगळे मटकन खाली बसले. “अगं… पंचू… हेच तर सकाळी मी केलं होतं!”

“हो. तुम्ही केलं होतं.”

“मग परत कशाला मागितलीस? दिवसभर आम्ही… ती व्हॅन… तो भोंगा…”

पंचूने लॅपटॉप मिटला आणि वडिलांसमोर खुर्ची ओढून बसली. “बाबा, तिथे वऱ्हांड्यात तुम्ही सांगितलंत ना, तेव्हा मला आधी काय वाटलं माहितीये? बरं वाटलं. सुटल्यासारखं. इतके दिवस मला कळत नव्हतं, ते त्या मिनिटाला कळलं. भोपाळच्या कोर्समध्ये एक पूर्ण वर्ष कुठल्यातरी छोट्या गावाच्या नगर परिषदेत काम करायचंय. मला तेच हवं होतं. पण मग इतका राग आला, इतका, की बोलता येईना. कारण ‘नाही’ म्हणायचंच होतं, तर ते मला म्हणायचं होतं.”

कौसल्याबाईंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे जे बघितलं त्याला भाषांतराची गरज नव्हती. इंगळ्यांचे ओठ काहीतरी जुळवत होते. भोपाळ, असं ते स्वतःशीच म्हणून बघत होते, कडू औषधाची चव घ्यावी तसं. भोपाळ.

इतक्यात जिलेबीचा पुडा घेऊन प्रतापराव दारात. “हॉलंड मुबारक!”

पंचू वडिलांकडे बघत होती. कॉलनीला सांगायचं काम आता कुणाचं आहे, हे न बोलता ठरलं होतं. इंगळे उभे राहिले, शर्ट खाली ओढला.

“प्रतापरावजी, पंचू भोपाळला चालली आहे. तिनं ठरवलंय.”

“भोपाळ?” प्रतापरावांच्या हातातला पुडा कलला. “इंदूर सोडून भोपाळ? भिया, भोपाळवाले काय शिकवणार अपने को?”

“नाली कुणाच्या दारासमोरून जाणार, ते त्या दारातल्या माणसाला विचारून ठरवायचं. हे शिकवतात.”

“बस, एवढंच? त्याला दोन वर्षं लागतात?”

इंगळ्यांनी जरा विचार केला. “लागत असतील,” ते म्हणाले. “मला तर अजून जमलं नाही.”

प्रतापरावांना यावर पणजोबांचं काही आठवलं नाही. त्यांनी निमूटपणे पुडा सोडला आणि जिलेबी सगळ्यांच्या हातात दिली. हॉलंडसाठी आणली होती, पण गरम होती. पहिल्या घासाबरोबर इंगळ्यांच्या अंगात थोडी धुगधुगी आली, आणि तिच्याबरोबर जुनी सवयही आली.

“तर मग असं करू,” ते बोटं चाटत म्हणाले. “रविवारी पहाटेच्या बसने मी भोपाळला जातो, संस्थेच्या जवळपास चार खोल्या बघतो, त्यातली चांगली पाहून घरमालकाला…”

ते थांबले. हॉलमध्ये कुणीच काही बोललं नव्हतं, तरी थांबले. जिलेबीचा तुकडा हातात तसाच राहिला.

“म्हणजे,” ते म्हणाले, “जाऊ का?”

पंचूने आपली जिलेबी संपवली. बोटं पुसली. आईकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं.

“विचार करून सांगते, बाबा,” ती म्हणाली आणि गच्चीवर फेऱ्या मारायला निघून गेली.

इंगळे वाट बघत बसले.